वैनीने शिकवलेले अंदाजाचे शब्द

प्रिय वैनी,

आज सकाळी हेलेनाचा फोन आला. तुझी धाकटी बहीण! दादा बाहेर गेला होता, म्हणून मीच घेतला. पडद्यावर ती दिसली. केस पार पांढरे झालेत गं तिचे. तिनं काहीतरी लांबलचक विचारलं. त्यात तुझं नाव ऐकू आलं, बाकी काही कळलं नाही. शेवटी कशी होतीस, असंच विचारत असणार. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. "त्रोखू... असी... दोस्त्य..." म्हणजे थोडंसं, बहुतेक, बऱ्यापैकी. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

फोन ठेवला आणि मनात आलं, बाई, पन्नास वर्षं तुझ्याबरोबर काढली आणि तुझ्या भाषेतले मला येतात ते असलेच शब्द! नीट एकही गोष्ट सांगता येत नाही, सगळं फक्त जवळपास सांगता येतं. पण त्याच शब्दांनी माझं आयुष्य मार्गी लावलं, हे तुला कधी बोलले नाही. म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते. ओळीखाली बोट धरून का होईना, तू वाचायचीसच की.

तू आलीस तेव्हा लातूर जिल्हा नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वर सलग दुष्काळ. गंजातल्या बाजारात आपलं दुकान होतं, पण दुकानात माल नाही आणि आडात पाणी नाही. आणि अशात दादा ब्रातिस्लावाहून यंत्रांचं शिक्षण संपवून आला, तो तुला घेऊन. आईनं दारातच नाव विचारलं.

"मार्ता," दादा म्हणाला.

"हे काय नाव म्हणायचं? मार्ता! कुणाला मारता?"

तू हसलीस, कारण आई हसेल असं तुला वाटलं. आई हसली नाही. तिनं विभूती लावून तुझं नाव महादेवी ठेवलं आणि पुढे कुणीच त्या नावानं हाक मारली नाही. तू सगळ्या गल्लीची वैनी झालीस.

दादा बोअरच्या मशीनबरोबर नांदेडकडं गेला, आणि घरात तुझ्याशी बोलायला उरले मी. मी मॅट्रिक झालेली, शाळेतलं इंग्रजी तोंडपाठ आणि तोंडातून निघत नाही असं. तुझंही तसंच. आपण दोघी मधल्या दारात बसायचो. मी मराठी शब्दाचा इंग्रजी शब्द सांगायचा, तू तो इंग्रजीतून तुझ्या स्लोव्हाकमध्ये नेऊन ठेवायचीस. भांडी, कपडे, नाती सोपी गेली. अडलो कुठं? अंदाजाच्या शब्दांवर!

आठवतं का? 'अबाउट' म्हटलं की तू म्हणायचीस, "असी." आपल्याकडं 'असी' म्हणजे अशी. "असी कशी बसलीस?" तू 'असी' म्हणालीस की मी तुझ्या हातांकडं बघायची, काय कसं करून दाखवतीस म्हणून. त्यातून तुमच्यात 'सुमारे' आणि 'बहुतेक' या दोन्हींना तोच शब्द. म्हणजे पाच वाजता सुमारे येणार की बहुतेक येणार, हे कळायचं कसं? मी चिडले होते. तू म्हणालीस, "ज्याला नक्की माहीत नाही, त्याला दोन्ही माहीत नसतं." मोडक्या इंग्रजीत म्हणालीस, पण म्हणालीस अगदी असंच.

आणि तुझं ताक! मी 'ऑलमोस्ट' विचारलं होतं. तू डोळे मिटून शब्द शोधत होतीस. "ताकमेर... ताकमेर..." आतून आई बाहेर आली.

"पोरगी ताक मागायली, अन् तू बसून ऐकतीस व्हय?"

मी काही बोलायच्या आत आई तांब्या घेऊन शेजारी गेली. आपली म्हैस चाऱ्यापायी आजोळी पाठवलेली. त्या दिवसांत कुणाच्या घरी ताक मागायला जाणं सोपं नव्हतं, आणि आपल्या आईला तर मागणं ठाऊकच नव्हतं. परत आली ती पदराखाली तांब्या झाकून. तुझ्यापुढं धरला. "पी, माय."

तुला ती 'माय' म्हणाली! त्याआधी ती तुझ्याशी फक्त हातवारे करायची. तू दोन्ही हातांनी तांब्या धरून सगळं प्यायलीस आणि माझ्याकडं बघून डोळे मोठे केलेस, गप्प बस म्हणून. पुढं उन्हाळाभर आई कुठून कुठून तुझ्यासाठी ताक आणत राहिली. खरं काय ते तिला तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. बरं दिसतं का हे, वैनी? पण बरंच केलंस. आईची माहेरची कानडी, तिच्याकडून 'स्वल्प' हा शब्दही तू त्याच दिवसांत उचललास. भात स्वल्प, ताप स्वल्प, राग स्वल्प.

मग आली ती शिरूर अनंतपाळकडची वस्ती. दुसरं एक मशीन तिथं लागलं होतं, आणि ते चालवणारा यानो तुझ्याच देशाचा. त्याला स्लोव्हाकशिवाय काही येत नव्हतं. दादा लांब. बोअरचं काम बघणारे साहेब घरी आले आणि दुभाषी म्हणून याल का, असं तुला विचारलं. मी मराठी इंग्रजीत करायचं, तू इंग्रजी स्लोव्हाकमध्ये. दोन बायका जीपमध्ये बसून बोअरवर चालल्या, हे बघायला गल्ली जमली होती. आई कडाडेल असं वाटलं होतं. तिनं भाकरी बांधून दिल्या.

त्या रानाची मालकीण सखूबाई म्हणाली, "माजा सासरा सांगायचा, पानी हाय म्हनून. मशीन थांबलं तिथनं आनखी चार-दोन परस खाली असंल बगा."

परस म्हणजे एका माणसाची उंची, ते तुला समजलं. पण तू मला विचारलंस, "चार की दोन?"

मी सखूबाईला विचारलं. ती म्हणाली, "त्येच की, चार-दोन!"

तू हसत नव्हतीस. तू यानोला काय सांगितलंस ते मी नंतर विचारलं. तू म्हणालीस, "सांगितलं, थोडं खाली, किती ते तिला माहीत नाही." दुसरं कुणीही असतं तर एक आकडा ठोकून दिला असता. यानो आकडाच मागत होता.

दुपार कलली. नुसता धुरळा वर येत होता. साहेबांना मशीन दुसऱ्या गावी न्यायचं होतं, तिथंही माणसं वाट बघत होती. ते घड्याळ बघून तुला म्हणाले, "त्याला सांगा, ऑलमोस्ट ड्राय. आवरायला सांगा."

तू सांगितलंस. यानोचा हात मशीनवर थबकला. "ताकमेर?" त्यानं विचारलं. तू पुन्हा तोच शब्द म्हणालीस. तो खाली वाकला, भोकाच्या तोंडाशी साचलेली भुकटी उचलली, दोन्ही तळव्यांत चोळली. तळवे पुढं केले. ओल होती.

साहेब म्हणाले, "अहो, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो!"

"तुम्ही ऑलमोस्ट म्हणालात. मी ऑलमोस्ट सांगितलं," तू म्हणालीस. उद्धटपणा नव्हता त्यात. तुला खरंच कळत नव्हतं, तो शब्द वाटेत का टाकून द्यायचा!

मशीन परत सुरू झालं. दिवस बुडायच्या आत पाणी लागलं. उसळलं वगैरे नाही. बारीक धार. पण लोक नाचायला लागले. "लई पानी! सांगा त्याला, लई पानी लागलं!" तू यानोकडं वळून एवढंच म्हणालीस, "त्रोखू."

सखूबाईनं माझा दंड धरला. "काय म्हनली ती?"

"थोडं पाणी म्हणाली."

"थोडं? आगं, लई म्हन की!"

परत येताना जीपमध्ये मी तुझ्यावर रुसले होते. एवढी माणसं खुशीत होती, एक शब्द वाढवला असता तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, "उद्या पाच वस्त्या घागरी घेऊन येतील आणि भांडतील. पाणी तेवढंच राहील." आणि खरंच, ते पाणी प्यायलाच तेवढं पुरलं. पण उठून जायला निघालेली वस्ती उन्हाळाभर तिथंच राहिली. तो शब्द तू गाळला असतास तरी यानोनं भुकटी हातात घेतलीच असती, असंही असेल. मला माहीत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, असी.

पुढं लातूर जिल्हा झाला. रोज एक नवं ऑफिस, रोज एक ओल्या रंगाचा बोर्ड. इंग्रजी कागद मराठीत करणारी माणसं पाहिजे होती. तू वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्या हातात दिलीस. घरात माझ्या लग्नाची बोलणी चाललेली. आई म्हणाली, "पोरीच्या जातीला नोकरी कशाला? वय निघून चाललंय."

तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "लग्न होईल आई. स्वल्प थांबा."

आईला तिच्याच शब्दानं गप्प केलंस! मी परीक्षा दिली. नोकरी लागली. लग्नही झालं, औशाला. पण नोकरी सुटली नाही. रोज बसनं लातूरला ये-जा. टंचाईचे अहवाल मराठीत करताना 'सुमारे', 'जवळपास', 'साधारण' यांतला नेमका कोणता, यावर मी पेन थांबवून बसायची. वरचे हसायचे, "बाई, अंदाजच तो, त्यात काय निवडायचं?" मी निवडायची. माझा पगार, माझं डोकं वर करून चालणं, मुलींची शिक्षणं, ह्या सगळ्याच्या मुळाशी मधल्या दारातली ती बैठक आहे, वैनी. तुला हे माहीत होतं का? मी सांगितलं नाही, पण तू ओळखलं असशील.

आणि मग तुझं ते आजारपण. अर्धांगाचा झटका आला आणि आधी तुझं इंग्रजी गेलं. मग मराठी गेलं. आम्ही सगळे भोवती उभे आणि तू आमच्याकडं बघत होतीस, पहिल्या दिवशी आपल्या दारात बघत होतीस तशी. फक्त तुझी माहेरची भाषा तेवढी राहिली, तीही तुकड्या-तुकड्यांनी.

डॉक्टर पोरसवदा, चांगला. मराठी शिकत होता, पण महत्त्वाचं इंग्रजीत बोलायचा. तो म्हणाला, "सम इम्प्रूव्हमेंट, मे बी. नॉट मच. अ फ्यू वीक्स, मोअर ऑर लेस."

दादा तुझा हात धरून स्लोव्हाकमध्ये सांगायला लागला. मोठ्यानं, भरभर, हसऱ्या तोंडानं. मला अर्थ कळत नव्हता. पण त्यात एकही असी नव्हतं. एकही त्रोखू नव्हतं. तुलाही ते जाणवलं. तू दादाचा हात हळूच थोपटलास आणि मान माझ्याकडं वळवलीस.

"शैला," म्हणालीस.

तू मलाच का निवडलंस गं? त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी कॉटवर बसले. हेलेना फोनवर रोज 'लेप्शे?' विचारायची, त्यावरून 'बरं'ला काय म्हणतात ते येत होतं.

"त्रोखू लेप्शे," मी म्हणाले. "असी. मालो." थोडं बरं. बहुतेक. फार नाही.

तू बघत राहिलीस. पुढचं हवं होतं तुला. 'अ फ्यू'ला तुमच्यात 'पार' म्हणतात. आणि आपल्याकडं पार म्हणजे संपूर्ण, काही न उरलेलं! तो शब्द जिभेवर आला तेव्हा दोन्ही अर्थ एकदमच आले. आठवड्याचा शब्द मला येत नव्हता. रविवारचा येत होता, हेलेनाचा फोन पूर्वी रविवारी यायचा म्हणून.

"पार नेदेल्या," मी म्हणाले. थोडे रविवार.

तू क्षणभर डोळे मिटलेस. मग उघडलेस आणि हळू, स्पष्ट म्हणालीस, "नेद्येल. पार नेद्येल."

माझं व्याकरण सुधारलंस! मी हसले की रडले, आठवत नाही.

बाहेर दादा माझ्यावर ओरडला. "कशाला सांगितलंस? माणूस आशेवर जगतं!" पण त्या दिवसापासून तू त्याला शेजारी बसवून घ्यायला लागलीस. तुम्ही दोघं तासन्‌तास तुमच्या त्या भाषेत बोलायचा. तू एक शब्द, तो दहा. हेलेनाला तू फोनवर निरोप दिलास. हात थोडा सुधारला, डॉक्टर म्हणाला होता तेवढाच. एका संध्याकाळी दादा ओसरीवर येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "तू सांगितलं नसतंस, तर मी तिच्याशी शेवटपर्यंत खोटंच बोलत बसलो असतो."

तू गेलीस. आपल्या लिंगायतांत माती देतात, तुमच्यातही. आईला हे कळलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "मंग काय, आपल्यातलीच की ही!" विभूती लावून तुला बसवलं, आईच्या शेजारी जागा मिळाली. लांब गेली नाहीस.

आता दादाचं सांगते. तुझ्या आजारपणात औशाहून आले, ती मी इथंच त्याच्याजवळ राहिले. तो जेवतो, फिरायला जातो, पेपर वाचतो. पण तुझी भाषा बोलायला त्याला माणूस उरलं नाही. मध्यंतरी तो कुंडीतल्या तुळशीपाशी उभा राहून स्वतःशीच काहीतरी बोलत होता. म्हणून मीच त्याला म्हणाले, मला शिकव. सुटे शब्द नकोत, पहिल्यापासून शिकव. आता रोज दुपारी आमची शाळा भरते. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडून म्हणते, आणि गल्लीतली पोरं खिडकीखाली नक्कल करतात.

काल त्यानं मला पहिलं अख्खं वाक्य दिलं, आणि अर्थ सांगेना. मी तीनदा म्हटलं. शेवटी त्यानं हातानं दाखवलं : खिडकी उघड, वारा येऊ दे. मी उठले आणि उघडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा तो हसला.

माझं वय झालंय, वैनी, जीभ जड आहे. पण शब्द देते तुला. या घरात दादा आहे तोवर त्याच्याशी तुझ्या भाषेत बोलणारं कुणीतरी असेल.

तुझीच लेकीसारखी नणंद,
शैला
लातूर