खिडकीबाहेरचे एवारिस्तोमामा

सांता ब्रिगिदा साखर कारखाना,
४ मार्च १९६२

तीर्थरूप एवारिस्तोमामा यांस,

एनेइदाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मातान्सासला गाडी वेळेवर पोहोचली का? आईनं तुमच्यासाठी केलेली पेरूची वडी इथंच राहिली. तुम्ही न जेवता गेलात, म्हणून त्या दिवशी घरात कुणीच जेवलं नाही. (बाबा जेवले, पण मान खाली घालून.)

मामा, मला फार लाज वाटते आहे. कारखान्याचा जुना क्लब आता सगळ्यांना खुला झाला. तिथं बेसबॉलवर भाषण करायला मला बोलावलं, तेव्हा घरातली पहिली पदवीधर म्हणून मी इतकी फुगले, की अकरा पानं लिहिली. हवानाच्या हिवाळी लीगमध्ये काळे-गोरे एकाच संघातून खेळले, अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या संघात घेत नसत ते काळे खेळाडू इथं येऊन मनमुराद खेळले, हे सगळं त्यात होतं. पुराव्यादाखल तुम्ही बसणार होतात. त्या लीगमध्ये पाच हिवाळे बॉल टाकलेला माझा सख्खा मामा पहिल्या रांगेत, कागदी फुलं लावलेल्या खुर्चीत! (फुलं मीच चिकटवली होती. डिंक ओला होता, हेही आता कबूल करते.)

आणि तुम्ही खिडकीबाहेर उभे. सातव्या पानावर, "आमच्या मैदानावर रंगभेदाला जागा नव्हती" हे वाक्य वाचून मी थांबले आणि भर सभेत तुमच्यावर ओरडले, "मामा, तिथं काय करताय? आत या की, लाजताय काय नवरीसारखे!" तुम्ही म्हणालात, "तू बोल गं पोरी, मला इथली सवय आहे." म्हातारी मंडळी हसली. मला वाटलं, विनोद झाला. मीही हसले, आणि उरलेली चार पानं सावकाश, हातवारे करत वाचली.

घरी आल्यावर आईनं सांगितलं. तुम्ही कारखान्याच्या संघातून खेळायचात तेव्हा संघ जिंकला, की गोरे खेळाडू क्लबात नाचायला जात, काळ्यांना दाराच्या आत घेत नसत, आणि तुमचं भाताचं ताट त्याच खिडकीतून बाहेर येई. "एवढी पुस्तकं चाळलीस," ती म्हणाली, "मामाला एक ओळ टाकून विचारायला काय झालं होतं?" लीगबद्दल मी लिहिलं ते खरंच होतं, मामा. पण मैदान कुठं संपत होतं, तेवढं मला ठाऊक नव्हतं.

तुमची (शिकलेली, पण शहाणी नव्हे) भाची,
एनेइदा

ता. क. : येत्या रविवारी त्याच क्लबात पुन्हा सभा आहे. या वेळी तुम्ही बोला. मी खिडकीबाहेर उभी राहीन.

ता. क. २ : तुमच्या नावाची पत्रकं कालच गावभर चिकटवून झाली. (तुम्हाला विचारायचं पुन्हा राहिलंच.) हवं तेवढं रागवा, पण मामा, दारातून आत येऊन रागवा.