गायत्रीचं लग्न आणि व्हॅनचा काटा

१ मे १९९७, सकाळ
आजपासून व्हॅनची रोजनिशी ठेवायची. शिस्त हवी.
आमच्या पोरीचं, गायत्रीचं लग्न अठराला. नवरी सासरी जाणार ती माझ्या व्हॅनमधून आणि स्टिअरिंगवर मी. हे तिला ती बालवाडीत असल्यापासून सांगून ठेवलंय. तेव्हा व्हॅन नव्हती, नुसता शब्द होता. आता व्हॅन आहे. सासर तर काय, सुरतबाहेरचं चलथाण. शुगर फॅक्टरीच्या मागे घर. निघालो की पोचलो.
व्हॅनची किरकोळ तक्रार आहे. पर्वत पाटियाचा नाका ओलांडला की टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत जातो.
उषाचा भाऊ भटू आला होता. त्याने नवी टेम्पो-रिक्षा घेतली आहे, ती दाखवायला. म्हणाला, दाजी, गाडी मगन मिस्त्रीला दाखवा. पलसाण्याच्या डाइंग हाउसमध्ये, कापडाच्या रंगखात्यात, बॉयलरशेजारी उभं राहून माझे केस पिकले. उष्णता काय असते ते मला भटूने शिकवायचं! मगनकडे जाणार नाही. निर्णय फायनल.

३ मे
दोष सापडला. फॅन बेल्ट सैल. घट्ट केला. दारात इंजिन चालू ठेवून टेस्ट घेतली. काटा जागचा हलला नाही. उषाला बोलावून दाखवलं. तिने काचेवर टिचकी मारली. काटा टुणकन लाल पट्टीत.
यापुढे काचेवर टिचकी मारायची नाही.

६ मे
खरा दोष सापडला. थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा एक छोटा वाल्व असतो. सुरतच्या मे महिन्यात इंजिनाला तापायला मदत कशाला हवी? काढून टाकला. परत जोडताना एक बोल्ट उरला. कंपनीवाले सेफ्टीसाठी जास्तच लावतात. खिशात ठेवला.
संध्याकाळी काटा लाल. बहुधा सवयीने.

९ मे
सकाळी व्हॅनखाली डबकं. मी म्हटलं, कुत्रं. उषा म्हणाली, कुत्रं रोज तिथेच कसं? वाकून पाहिलं. रेडिएटर खालून गळतोय. थेंब थेंबच आहे. जुनी गाडी, घाम येणारच. गळतं म्हणजे आत प्रेशर साठत नाही, हा फायदा कुणी बघत नाही.

१२ मे
मोठा शोध. आतला हीटर लावला की इंजिनाची गरमी आत येते आणि इंजिन थंड राहतं! सायन्स आहे. उषाला घेऊन ब्लाउज आणायला निघालो, हीटर फुल. काटा खाली आला. उषाचा पारा वर गेला. म्हणाली, "तुमनं डोकं आनि तुमनी गाडी, दोन्ही सारखंच तापस." अर्ध्या वाटेत उतरून भटूच्या रिक्षाने घरी गेली.
प्रयोग यशस्वी. पॅसेंजरची तयारी कमी पडली.

१५ मे
प्रश्न कायमचा सुटला. आमच्या डाइंग हाउसचा ड्रायव्हर वाल्मिक म्हणाला, रेडिएटरमध्ये हळद टाका. पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन फुगते, गळती बंद. हळद! लग्नघरात हळदीला काय तोटा. एक पुडी गाडीत ठेवली.
गायत्रीने थर्माकोलची अक्षरं कापून मागच्या काचेला चिकटवली, 'गायत्री वेड्स गोपाल'. मग हळूच म्हणाली, आबा, भटूमामाची रिक्षा पण चालेल हं. मी म्हटलं, चालणार नाही. ती हसली. "सारू आबा, टेन्शन नई लेवानुं." पोरगी अहिराणी बोलते आईशी आणि गुजराती बोलते मला समजवायचं असेल तेव्हा.

१६ मे
हळदीची पुडी उषाने स्वयंपाकाला नेली. हरकत नाही. उद्या वाटेत घेईन.

१७ मे, सकाळी
आज हळद. चलथाणला आधी गोपालला लागणार. त्याच्या अंगाची उरलेली उष्टी हळद इकडे येणार. ती लागल्याशिवाय आमच्या नवरीला दुसरी हळद लावता येत नाही, गायत्री तोवर उपाशी पाटावर. खरं तर ती वरपक्षाने आणायची. मी निरोप धाडला, तुम्ही तसदी घेऊ नका, आमची गाडी येईल. भटू म्हणाला, मी जातो. त्याला गप्प बसवला.

चलथाण, साडेदहा
पोचलो. काटा लाल पट्टीच्याही पलीकडे, पण पोचलो. गोपालची आत्या पुष्पाबाई उष्ट्या हळदीची वाटी घेऊन बरोबर निघत आहेत. भारदस्त बाई. हीटर लावणार आहे हे त्यांना आधी सांगत नाही.

वाटेत
इंजिन गार होईपर्यंत लिहितो. वाफ निघाली म्हणून थांबलो. पुष्पाबाई घामाने निथळत उतरल्या आणि समोरच्या गुऱ्हाळावर रस प्यायला गेल्या. वाटी सीटवर, वर रुमाल.
रेडिएटर गळतोय. हळद घ्यायची राहिली. जवळपास किराणा दुकान नाही.
वाटीत हळद आहे.

थोड्या वेळाने
एकच चमचा घेतला. लग्नाच्या कामासाठीच घेतला. वरून हाताने सारखी केली, कळत नाही.

आणखी थोड्या वेळाने
गळती कमी झाल्यासारखी वाटते. खात्रीसाठी आणखी चमचा. मग अर्धवट काम नको म्हणून आणखी दोन. वाटी लहान होती हे त्यांनी आधी बघायला हवं होतं. तळाला थोडी राहिली होती, तेवढीच ठेवणं बरं दिसलं नसतं.

घरी, संध्याकाळ
सगळं क्रमाने लिहितो म्हणजे गैरसमज होणार नाही.
हळद बसली का ते पाहायला इंजिन चालू केलं आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी तोवर कोमट झालं होतं, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. पिवळं कारंजं. तोंड, मिशा, कान, नवा शर्ट. उष्ट्या हळदीत तेल असतं, ती नुसत्या पाण्याने निघत नाही, हे वाल्मिकने सांगितलं नव्हतं.
पुष्पाबाई रसाचा ग्लास घेऊन आल्या. रिकामी वाटी पाहिली, मला पाहिलं. "व्याही, नवरदेव कोन से?" एवढंच विचारलं.
गुऱ्हाळवाल्याकडून साबण घेऊन धुतलं. मी रंगखात्यातला माणूस, हळद कच्चा रंग आहे हे मला माहीत आहे. साबण लागला की ती लाल होते हे ऐन वेळी आठवलं नाही. शर्टावर हळद होती, तिचं कुंकू झालं.
भटू शोधत आला. व्हॅन दोराने रिक्षाला बांधली. मी व्हॅनच्या स्टिअरिंगवर, पुष्पाबाई रिक्षात, रिकामी वाटी मांडीवर.
मांडवात बायकांची गाणी थांबली. पुष्पाबाईंनी सगळं सांगितलं, काही सोडलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, म्हंजे गोपालनं लगीन गाडीशी लागनं. मी प्रेशरचं समजावू लागलो. उषाने पदर तोंडाला लावला. हसते की रडते ते कळेना. चलथाणहून दुसरी आणावी तर गोपालची आंघोळ केव्हाच झालेली. मला फार लाज वाटली. पोर सकाळपासून उपाशी बसली होती आणि मी तिची हळद गाडीला पाजली होती.
गायत्री पाटावरून उठली. उठू नये असं सगळ्या ओरडल्या. माझ्याजवळ आली, कानामागे साबण पोचला नव्हता तिथून अंगठ्याने हळद पुसली आणि आपल्या दोन्ही गालांना लावली. म्हणाली, "हाईच ती. गोपालनी उष्टी, मन्हा आबानीबी उष्टी. लावा आते."
पुष्पाबाईंनी स्वतःच गाणं उचललं.
हळद वाया गेली नाही, हे मी म्हणणार होतो.

१८ मे
लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी व्हॅन चालू करून दारात आणली. चार पावलं आली. पिवळी वाफ, मग आवाज, मग काहीच नाही. भटूने न सांगता रिक्षा पुढे घेतली, फुलंही लावून ठेवली होती त्याने. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं.
गायत्री माझ्या पाया पडली. मग व्हॅनच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. सगळे हसले. मी नाही हसलो. रिक्षा पर्वत पाटियाकडे वळेपर्यंत उभा होतो.

२० मे
उषा म्हणाली, आता तरी मगनकडे न्या. मी म्हटलं, गरज नाही.
थर्माकोलची अक्षरं अजून काचेवर आहेत. व्हॅनमध्ये बराच वेळ बसलो. इंजिन चालू केलं नाही. काटा थंड बाजूला. काचेवर टिचकी मारून पाहिली, दोनदा. हलला नाही.
गाडी एकदम ओके. जायचं कुठेच नाही.