आखाजीआधी खिडकी उघडणार

२१ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळी ११
डिंपल आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, पहिल्या बसने माहेरी भडगावला गेली. पाठोपाठ सासऱ्यांचा, सुकदेवनानांचा फोन. म्हणे, मी बनवून दिलेलं ‘दिव्यदृष्टी’ बंद पडलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून नाना पेपर कॉम्प्युटरवर वाचतात. माझं हे ब्राउझरचं एक्स्टेंशन बातमी वेगळ्या खिडकीत मोठ्या अक्षरांत दाखवतं. ब्राउझरवाल्यांनी अपडेट टाकला, आणि माझा कोड आतल्या ज्या खिडकीला नावाने हाक मारायचा, तीच काढून टाकली. हद्द झाली! नानांना म्हणालो, दोन तासांचं काम. आखाजीला घरभर पाहुणे असतील, त्यांच्यासमोर जावयाची खिडकी उघडलीच पाहिजे.

दुपारी ४
जळगाव ४४ डिग्री. अशा उन्हात लॅपटॉपला ताण देणं बरं नाही. उद्या पहाटे पाच.

२२ एप्रिल. ९.४०
उठलो. डिंपलचा फोन. म्हणे राहू द्या, नानांचं चाललंय. चाललंय म्हणजे काय? इथे माणूस अक्षराला मोताद झालाय. तिला यातलं टेक्निकल कळत नाही, म्हणून रागावलो नाही.

२४ एप्रिल
खिडकी उघडली! रिकामी आहे, पण उघडली. नव्वद टक्के काम फत्ते. शेवभाजी मागवली.

२५ एप्रिल
आता एकदम चौदा उघडतात. बंद होत नाहीत. नानांचा फोन आलाच, कुठवर आलं? रोज विचारतात बिचारे. म्हटलं, प्रगती चौदापट आहे.

२७ एप्रिल
ब्राउझर कंपनीला खरमरीत पत्र लिहायला मेल उघडला. त्यांचाच मेल सापडला, मागच्या सप्टेंबरचा. अमुक खिडकी काढणार, कोड बदलून घ्या. नंतर दोन स्मरणपत्रं. तिन्हींना मी स्टार दिलेला. म्हणजे महत्त्व मला तेव्हाच कळलं होतं. पत्र तूर्त नको.

२९ एप्रिल
झालं! एकच खिडकी, आत बातमी. पेनड्राइव्ह खिशात. पाहुणे कौतुक करतील तेव्हा ‘छे, छे’ कसं म्हणायचं, ते आरशात करून बघितलं.

३० एप्रिल, आखाजी. भडगाव
पोचलो तर नाना ऐसपैस पेपर वाचत होते. अक्षरं लिंबाएवढी. सासूबाई, बेबाबाई, मांडे करता करता बोलून गेल्या की डिंपलने सोमवारीच कंट्रोल आणि अधिकची खूण दाबायला शिकवलं, आते बठ्ठं दिखस, म्हणजे आता सगळं दिसतं. मग रोज फोन कशाला, मी विचारलं. नाना म्हणाले, जावईबापू एवढे झटताहेत, विचारपूस नको करायला?

अशी लाज वाटली! डिंपल हसली नाही, मुद्दाम चुलीकडे बघत राहिली. तरी नानांनी पाहुणे गोळा केले आणि माझी खिडकी उघडायला लावली. उघडली. झूम आधीच वाढवलेला, त्यामुळे आत एकच ‘के’ मावला. नाना बराच वेळ त्या ‘के’कडे बघत होते. मग म्हणाले, एकदम साफ शे.

मीच ती बंद केली. ‘छे, छे’ म्हणायची वेळ आली नाही. सासूबाईंनी न विचारता आमरस वाढला.