खालचं टेबल

आबा, गेल्या आठवड्यात ऑफिसात बोलावून मला शाल दिली. रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर ऑफिसातून फोन येतो म्हणजे एक तर पेन्शनचा घोळ असतो, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं, म्हणून मी घाबरतच गेले. तसं काही नव्हतं. नव्या इमारतीच्या दाराशी चाकाची खुर्ची नेता येईल असा उतार बांधलाय, लिफ्टमध्ये बोटांनी चाचपून वाचायचे आकडे बसवलेत, आणि त्या निमित्तानं जुन्या लोकांना बोलवावं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. एका मुलीनं माइकवर सांगितलं, की अपंग अर्जदारांसाठी तळमजल्यावर टेबल लावायची पद्धत आपल्याकडे या मॅडमनी सुरू केली. टाळ्या झाल्या. मग तिनं मला विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "एक अर्जदार होते." घरी येऊन शाल कपाटात टाकली. एक अर्जदार म्हणे. आज लिहायला बसलेय, ते तेवढ्यासाठी.

दहिसरची आपली खोली मला आठवते ती रॉकेलच्या वासासकट. तुम्ही उंबऱ्यातच बसायचात, पाठ चौकटीला टेकून, पुढ्यात कुणाचा तरी स्टोव्ह उघडलेला. उजवा पाय मांडीपासून गेलेला, डावा गुडघ्यात वाकत नव्हता, तो तसाच सरळ पडवीत पसरलेला. येणारे-जाणारे तो ओलांडून जात आणि तुम्ही मान वर न करता प्रत्येकाला बरोबर ओळखत होतात. कारखान्यात तुम्ही फिटर होतात. मालाच्या धक्क्यावर मागे येणारा ट्रक थांबला नाही, तेव्हा मी सातवीत होते. महिनाभर आई रडली, आणि तुम्ही हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा बंद पडलेला स्टोव्ह मागून घेतलात. "पाय गेलो, हात आसत मा," एवढंच बोललात. मग सगळ्या चाळीचे स्टोव्ह तुमच्याकडे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर छत्र्या. आई भाकरी थापतेय, आपला स्टोव्ह मधेच निळा होतोय, मधेच काळा धूर सोडतोय, आणि ती म्हणतेय, "लोकांचे स्टो ढणढण पेटवतात, आणि माझो बघा, नुसतो फुसफुसता." तुम्ही हसताय. पिन तोंडात धरलेली असल्यामुळे तुमचं हसू एका बाजूनं यायचं.

तुम्हाला उचललेलं खपत नसे. हॉस्पिटलच्या जिन्याशी मी एकदा दोन माणसांना हात द्यायला बोलावलं होतं. भलं करतेय असंच वाटलं होतं मला. त्यांनी तुमच्या बगलेत हात घातला आणि तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात, की नर्स बाहेर आली. ती माणसं गेल्यावर मला म्हणालात, "माका इचारलंस? मी काय गोण आसंय, दोगांनी उचलून धक्क्यार टाकूक?" मग तुम्ही जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसलात, कुबड्या वरच्या पायरीवर ठेवल्यात, दोन्ही तळहात मागे टेकलेत आणि स्वतःला वर ढकललंत. पुन्हा कुबड्या, पुन्हा हात. असे पाठमोरे तुम्ही दोन मजले चढलात. मी खाली मान घालून मागे-मागे येत होते. ते बोलणं मला लागलं, पण पटलं. त्यानंतर मी तुम्हाला कधीच न विचारता हात लावला नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. रस्त्याकडेला अपंगांना लहान स्टॉल द्यायचे असं निघालं होतं, आणि तुम्ही अर्ज केलात. तुमचं तेव्हा एकच वेड होतं. उंबऱ्यात बसलेला माणूस घरी असतो आणि स्टॉलात बसलेला माणूस कामावर असतो, असं तुम्ही येईल त्याला सांगत होतात. सकाळी डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, बस. आई म्हणायची, डबा तर मी उंबऱ्यात पण देते, पण तुम्हाला तो नको होता. मला वाटतं, तुम्हाला घरातून बाहेर पडून पुन्हा घरी यायचं होतं. सात-आठ वर्षांत तुम्ही कुठून घरी आलाच नव्हतात.

मी लग्न होऊन बोरीवलीला गेले होते आणि ज्या ऑफिसात तुमचा अर्ज पडला होता, तिथंच मला टेम्पररी क्लार्कची जागा मिळाली होती, सहा-सहा महिन्यांची ऑर्डर. माझं आडनाव बदललेलं, नाव तर सासरी ताटातल्या तांदळावर लिहूनच बदललेलं, त्यामुळे मी तुमची मुलगी हे तिथं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अर्जदारानं समक्ष यावं, साहेब स्वतः बघतील, मगच शिफारस, असा नियम होता. तुमचं कार्ड आलं तेव्हा मी माहेरीच होते. कार्डावर लिहिलेलं, स्थळ: पहिला मजला. पाय नाही हे दाखवायला जिना चढून या, असं ते कार्ड होतं, आणि ते छापणाऱ्याला, वाटणाऱ्याला, मला, कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी म्हटलं, साहेबांना सांगते, तुमच्यापुरते खाली येतील. तुम्ही एकदम गंभीर झालात. "थंय मी तुझो कोण नाय. वळख दाखवू नको. नायतर सगळे म्हणतले, चेडवान बापासाठी वशिलो लावल्यान."

"आणि जिना?"

"आसांदे. चढतलंय."

तो दिवस मला अजून चालू असल्यासारखा दिसतो. मी आतल्या दाराशी यादी घेऊन बसलेय. पद्धत अशी, की यादीवाल्यानं नाव पुकारायचं. तीन हाका द्यायच्या, मग गैरहजर लिहायचं. गैरहजर लागला, की अर्ज निकाली. साहेब वाईट माणूस नव्हते. घरचं लोणचं आणून सगळ्यांच्या डब्यात वाढणारे होते. आत पडद्यामागे बसून ते एकेकाला बघत होते, सही करत होते. तुमचा नंबर आला आणि मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि तुमचं नाव घेतलं. तुमचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. तोवर ते मी फक्त शाळेच्या फॉर्मवर लिहिलं होतं, तोंडानं असं मोठ्यांदा कधी घेतलं नव्हतं. खालून तुमचा आवाज आला, "हजर!" शाळेतल्या मुलासारखा खणखणीत. शिपाई हसला आणि म्हणाला, "खालून हजर काय? वर या ना काका!"

मग तो आवाज सुरू झाला. कुबड्या ठेवल्याचा, तळहात टेकल्याचा, कापड घासल्याचा. मी जागेवर येऊन बसले. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक होती, तिच्याशी माझं चांगलं जमायचं. ती उठून बघून आली आणि म्हणाली, "अगं, तो माणूस बघ ना कसा येतोय. बसून, उलटा. शी, मला नाही बघवत यार." मी दुसरी हाक मारायला पुन्हा गेले. वरून मला तुमचं टक्कल दिसलं, घामानं चिकटलेला शर्ट दिसला, मागून वर सरकलेला. कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या तुमच्या पाठीला लागल्या होत्या. तुमच्या खालच्या पायऱ्यांवर चार-पाच लोक खोळंबले होते, आणि तुम्ही त्यांच्याकडे तोंड करून म्हणत होतात, "जावा तुम्ही पुढे, जावा." कुणी जात नव्हतं. सगळे बघत होते. तुम्ही अर्ध्यावर होतात.

तिसरी हाक मी जिन्यापर्यंत गेलेच नाही मारायला. टेबलाशी बसून, तोंडातल्या तोंडात मारली. ती शेजारचीलासुद्धा ऐकू गेली नसेल. आणि तुमच्या नावापुढे लिहिलं, गैरहजर. मला कुणीही सांगितलं नव्हतं लिहायला. साहेब घाई करत नव्हते. लिहून झाल्यावर मी पुढचं नाव पुकारलं, आणि तुमच्या मागे खोळंबलेल्यांपैकी एक बाई तुम्हाला ओलांडून, पदर सावरत, वर आली.

तुम्ही पोचलात. कुबड्यांवर उभे राहिलात, शर्ट खाली ओढलात, तळहात पायजम्याला पुसलेत आणि माझ्या टेबलापुढे आलात. ठरल्याप्रमाणे ओळख दाखवली नाहीत. ऑफिसातली भाषा काढलीत, घरी कधी बोलला नव्हतात ती. "मॅडम, माझं नाव पुकारलं होतं."

"हो. तुम्ही गैरहजर लागलात."

तुम्ही यादीकडे बघितलंत. माझं अक्षर तुम्ही पहिलीपासून बघत होतात, पाटीवर गिरवून तुम्हीच घेतलंत. साहेब तेव्हा आतच होते. पडद्यामागे त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. एक रेघ मारायची होती आणि म्हणायचं होतं, साहेब, हे आलेत. मी म्हटलं, "पुन्हा अर्ज करावा लागेल."

"बरं," तुम्ही म्हणालात. कुबडी बगलेत नीट बसवलीत. "बरं, मॅडम." आणि वळलात.

त्या रविवारी मी माहेरी आले तर आई मलाच म्हणाली, काय गो तुमचा हापिस, इतक्या लांबून माणूस गेलो आणि सायबच नाय! मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पंपाचं वॉशर तेलात बुडवत होतात. "सायब इलोच नाय त्या दिवशी," तुम्ही म्हणालात, माझ्याकडे न बघता. "आता काय करतलो तो तरी." मला वाटलं, आई आत गेल्यावर बोलाल, मला एकटीला गाठून बोलाल, हॉस्पिटलच्या जिन्याशी बोललात तसं जोरात बोलाल. मी त्याची वाट बघत राहिले. तुम्ही बोलला नाहीत आणि पुन्हा अर्जही केला नाहीत. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. दोन वर्षं तुम्ही उंबऱ्यातच बसलात, आणि मग छातीच्या दुखण्यानं तिथूनच गेलात. तिरडी बांधताना शेजारचे एक म्हणाले, आता उंबरा मोकळा झाला. ते वाईट अर्थानं बोलले नव्हते, पण मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं ते कितीतरी वेळ.

टेबलाचं म्हणाल तर ती गोष्ट अगदीच छोटी आहे. तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षी साहेब बदलले. नव्या साहेबांपुढे पुन्हा तशीच यादी आली, पुन्हा पहिला मजला. तोवर मी परमनंट झाले होते. मी विचारलं, "साहेब, टेबल खाली नेऊ या का?" ते पेपर वाचत होते. म्हणाले, "न्या की." एवढंच. शिपायानं आणि मी मिळून टेबल जिन्याखालच्या जागेत नेलं, मीटरच्या पेटीशेजारी. बुधवार ठरला. मग हळूहळू बाकीचं सुचत गेलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला हाका मारून काय उपयोग, म्हणून शिपायानं बाकड्यापाशी जाऊन समोर उभं राहायचं. ज्याला दिसत नाही त्याला अर्ज वाचून दाखवायचा, अंगठा कुठं आणि कशावर उठवतोय ते सांगून मग उठवायचा. लोक दारातून आत आले, की पहिलं विचारायचे, "वर जायला लागेल काय?" आणि नाही म्हटलं, की बसून घ्यायचे, श्वास सोडायचे. मला सगळे चांगलं म्हणत. मी वीस वर्षं ते टेबल चालवलं आणि एकाही माणसापुढे गैरहजर लिहिलं नाही. संध्याकाळ झाली तरी वाट बघायची, ऑफिस बंद करणारा शिपाई करवादायचा. आणि दर बुधवारी माझ्या मनात एकच यायचं, की दोन शब्दांचं काम होतं. न्या की. तुमच्या वेळच्या साहेबांनीही तेच म्हटलं असतं. त्यांना कुणी विचारलंच नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की मी टेम्पररी होते, घाबरले होते. कधी समजावलं, की तुम्हीच वशिला नको म्हणालात, ओळख दाखवू नको म्हणालात, मी तुमचं ऐकलं. कधी तर असंही, की उरलेल्या पायऱ्यांचा त्रास वाचावा म्हणून लिहिलं. त्यातलं प्रत्येक थोडंथोडं खरं असेल. तुम्ही समोर असता तर मी यातलंच काहीतरी सांगितलं असतं आणि तुम्ही ते मानून घेतलं असतंत, मला सोडवायला. म्हणून तुम्ही नाही ते एका परीनं बरं, खोटं बोलायला कुणी नाही. हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, मुलांनाही नाही. त्यांना त्यांचे आजोबा स्टोव्ह दुरुस्त करणारे म्हणून ठाऊक आहेत, तेच राहू देत.

तुम्ही जिना उतरून गेलात तेव्हा ती शेजारची खिडकीतून बघत होती. तुम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत बघितलं तिनं. मग वळून मला म्हणाली, "तुझ्याकडे कसे बघत होते गं ते. ओळखीचे होते का?" मी नाही म्हटलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून नाही, आबा. तेव्हा तुमचं सांगणं माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. मी नाही म्हटलं, तिनं ते खरं मानलं, आणि मला हायसं वाटलं. एवढं एकच लिहायचं होतं, बाकीची पानं ते पुढे ढकलण्यात गेली.