धोंड्याखालची जागा

मी, सरला रामचंद्र राऊत, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझे मन स्थिर आहे. शरीरही धडधाकट आहे, फक्त डावे मनगट पावसाळ्यात ठणकते.

इतर लोक हे वाक्य नमुन्यावरून उतरवून घेतात. मला मात्र ते सिद्ध करावे लागणार आहे. कारण माझा मुलगा प्रितेश याने यंदाच्या गणपतीत, भरल्या घरात पाहुण्यांसमोर, "आईचं डोकं ठिकाणावर नाही" असे म्हटले. नुसते म्हणून थांबला नाही, तर आमचे डॉक्टर आग्नेल लोपीस यांच्याकडे जाऊन तसा दाखला मिळतो का, हेही विचारून आला. डॉक्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि मला फोन केला. म्हणून हा खटाटोप. वकील जेसिका डिमेलो मसुदा करताना म्हणाल्या, "मॅडम, असलं कुणी मृत्युपत्रात लिहीत नाही." मी म्हटले, मी लिहिते. त्यांनी मान हलवून टाइप केले. माझ्या पश्चात या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करायची आहे.

कलम १. निर्मळचे घर, माझ्या वाट्याची वाडी, त्यातली केळी, सोनचाफा, विहीर आणि पंप हे सर्व प्रितेश यास मिळावे. कोणतीही अट नाही. अंधेरीच्या कंपनीत नोकरी करूनही रोज पहाटे वाडीला पाणी सोडणारा हा मुलगा आहे. तो वाईट नाही. माझे त्याच्याशी भांडण आहे, आणि ते मी मरेपर्यंत नीट चालू ठेवणार आहे.

कलम २. बँकेतली ठेव आणि दागिने प्रितेश व सून अक्षदा यांनी निम्मे निम्मे घ्यावेत. माझी पितळी शिट्टी मात्र कोणी घेऊ नये. ती माझ्याबरोबर जाऊ द्या.

कलम ३. आता मुख्य मुद्दा. विरार पूर्वेला, चंदनसारच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी माझ्या नावावर जमिनीचा एक तुकडा आहे. तो माझ्या पगारातून घेतलेला, स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित नाही, त्यामुळे त्यावर कोणाचाही जन्मसिद्ध हक्क पोहोचत नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा अशी आहे, म्हणजे सरकारच्या मते तिथे काही पिकत नाही. चतुःसीमा अशा: पूर्वेस डोंगर, दक्षिणेस ओहोळ, उत्तरेस पायवाट, पश्चिमेस बायजा शत्रुघ्न भोईर हिचे भातशेत. मधोमध दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वरच्याचा हात माथ्याला लागणार नाही, एवढा काळा धोंडा. जमीन मी त्या धोंड्यासाठीच घेतली.

तेव्हा माझ्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "वाडीतले दगड काढायला आपण माणसं लावतो, आणि ही दगड विकत घेऊन आली." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण शाळेच्या एका सहलीत मी तो धोंडा पाहिला होता आणि दोन्ही हात त्यावर ठेवल्यावर मला पुन्हा खाली बघावेसे वाटले नव्हते. तेव्हा प्रस्तरारोहण हा शब्दही मला ठाऊक नव्हता. दोराशिवाय, हातापायांच्या बळावर, पुढची पकड शोधत वर जायचे, एवढेच मला कळत होते. पश्चिमेची बाजू चढून जायला मला दोन वर्षे लागली. तोवर मी दर खेपेला पडत होते.

आणि पडत होते ते माझे यजमान, कै. रामचंद्र, यांच्या अंगावर. या माणसाला उंचीची इतकी भीती होती की स्वतःच्या विहिरीत डोकावतानाही कठडा धरायचे. ते जन्मात कधी धोंड्यावर चढले नाहीत. पण दर रविवारी वाडीचे काम उरकून स्कूटरवर मला मागे बसवून चंदनसारला न्यायचे, आणि मी वर निघाले की बरोबर माझ्याखाली दोन्ही हात वर करून उभे राहायचे. केळीचा घड उतरवताना खालचा माणूस उभा राहतो, तसे. सारे जग मला "पडशील" म्हणायचे. ते एकटे म्हणायचे, "पड गं, मी हाय." एकदा माझी टाच लागून त्यांचे नाक मोडले. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितले की केळीचा दांडा लागला. असा नवरा मिळाल्यावर धोंडा चढणे काही मोठे नाही.

इथेच एक जुना हिशेब लिहून ठेवते. मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाने पुढे या धोंड्यावर शिबिर घेतले. त्यांच्या पुस्तिकेत पश्चिमेची बाजू प्रथम त्यांच्या प्रमुखांनी चढल्याचे छापले, आणि खाली, "स्थानिक महिलेच्या सहकार्याने". पहिला चढणारा वाटेला नाव देतो, असा या लोकांचा रिवाज आहे. त्यांनी दिलेले नाव मी इथे लिहिणार नाही. ती वाट मी त्यांच्या दहा वर्षे आधी चढले होते, आणि तिचे नाव "मी हाय" असे आहे. हे मी आज कायद्याच्या कागदावर नोंदवत आहे. पुस्तिका त्यांनी दुरुस्त करावी किंवा करू नये.

कलम ४. चढाईचे बूट, हातांचा घाम टिपायच्या खडूच्या पुडीची पिशवी, दगड साफ करायचा ब्रश आणि पडण्यासाठी शिवून घेतलेली काथ्याची जाड गादी अक्षदा हिला द्यावी. बूट तिला अर्धा नंबर मोठे होतात, पण मोजे घालून चालतील. हे बूट मी निवृत्तीनंतर हिमाचलात नदीकाठच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर जायला घेतले होते. ग्रॅनाइट बोटांची साले काढतो. दोन दिवसांत माझ्या बोटांना भाकरीचे पीठही मळवेना. पण पाय असा धरून ठेवतो की नुसत्या विश्वासावर उभे राहता येते. आपला काळा पाषाण तसा नाही, तो घाम फुटला की सोडून देतो. रामचंद्र तिथेही माकडटोपी घालून, थंडीत कुडकुडत, हात वर करून उभे होते. परदेशी पोरापोरींनी त्यांचे फोटो काढले. माझा एकही काढला नाही.

कलम ५. रामचंद्र गेल्यावर मी एकटी जाऊ लागले. दोन वर्षांपूर्वी मधल्या टप्प्यावरून घसरले आणि मनगट मोडले. प्रितेशने महिनाभर माझी वेणी घातली. ते मी विसरलेले नाही. पण प्लास्टर निघाल्यावर धोंड्यापाशी गेले, तर पश्चिमेच्या बाजूला, ऐन कठीण जागी, छिन्नीने कोरलेली पायरी! चांगली बाजारातल्या जिन्यासारखी. पाथरवट लावून त्याने ती खोदून घेतली होती. मला म्हणाला, "तुझ्यासाठीच केली. आता नाही पडणार."

मी त्याला मारले नाही, एवढेच. ज्याने कधी धोंड्यावर हात ठेवला नाही, त्याला हे समजणार नाही. कोणी पोहायला शिकत असताना कोणी तळेच बुजवून द्यावे, तसे झाले. प्रेमाने केले होते, म्हणूनच जास्त राग आला. ती पायरी बुजवू नये. तशीच राहू द्यावी, आणि तिच्यात पाय ठेवून जो वर जाईल तो धोंडा चढला, असे कोणी म्हणू नये.

मी पायरी न वापरता पुन्हा चढू लागले, तेव्हा प्रितेशने बिल्डर गाठला. तिथून रस्ता जायचा आहे, इमारती व्हायच्या आहेत, धोंडा सुरुंग लावून फोडून देऊ, असे त्या बिल्डरने सांगितले. माझ्या मुलाला त्या पैशांची हाव नाही, हे मी शपथेवर लिहून देते. धोंडाच राहिला नाही तर आई पडणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. माझी सही मिळेना, म्हणून दाखल्याची गोष्ट निघाली.

बायजाला हे कळल्यावर तिने बांधावरूनच त्याला झाडले. "धोंडा काय तुज्या बापाचा हाय? सरलाबायचा हाय. आनि ती शानी हाय, माज्यापरीस शानी." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सरलाबाय, त्या पायरीत शेंदूर फास, एक नारल ठेव. मंग बग कोन हात लावतो त्या धोंड्याला."

उपाय नामी होता. बिल्डर देवाला घाबरतात, माणसाला घाबरत नाहीत. पण मी नको म्हटले, आणि माझ्या पश्चातही नको. देव झाला की त्याच्यावर पाय ठेवता येणार नाही. धोंडा म्हणूनच त्याला जगू द्या.

कलम ६. वरील जमीन धोंड्यासह, कलम ७ मधली पट्टी वगळून, माझी सून अक्षदा प्रितेश राऊत हिच्या एकटीच्या नावे व्हावी. तिने ती विकू नये, फोडू देऊ नये, कुंपण घालू नये. बायजाला माथ्यावर मिरच्या वाळत घालायचा हक्क तिच्या हयातीत राहील. मागची बाजू उताराची आहे, तिथून ती अनवाणी वर जाते.

प्रितेश, अक्षदाच का, हे तुला सांगते. माझे मनगट बरे झाल्यापासून दर शनिवारी आम्ही दोघी जीवदानीच्या दर्शनाला जातो, असे तुला सांगितलेले आहे. आम्ही जीवदानीला जात नाही. ती आधी खाली उभी राहायला म्हणून आली. पाचव्या शनिवारी तिने चप्पल काढून ठेवली. आता ती पश्चिमेच्या बाजूने पायरी टाळून माझ्याआधी वर पोहोचते. ती नोकरी करते त्या बँकेत तिच्या बोटांना खडू दिसला की ती साहेबांना रांगोळी म्हणून सांगते. तू तिच्यावर दडपण आणशील, रुसशील, जेवणार नाहीस. ती बधणार नाही, मी तिला पाहिले आहे.

कलम ७. धोंड्याच्या पश्चिमेस, अगदी पायथ्याशी, चार पावलांची एक पट्टी आहे. रामचंद्र उभे राहून राहून तिथे गवत उगवेनासे झाले होते. ती जागा प्रितेश यास मिळावी. तिची किंमत काही नाही आणि तिच्यात काही बांधता येत नाही. तिथे फक्त उभे राहता येते. जेसिका म्हणतात की वेगळी पट्टी काढल्याने बिल्डरचा रस्ताही अडतो, तेही बरेच आहे. पण मी ती त्यासाठी देत नाही.

कलम ८. माझ्या अस्थी रामचंद्रांच्या गेल्या तिथेच, अर्नाळ्याच्या समुद्रात सोडाव्यात. धोंड्यावर चिमूटभरही टाकू नये. राखेने पाय घसरतो.

कलम ९. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिले पाहिजे. सही कुठे बसून करावी, हे कायदा सांगत नाही. म्हणून मी येत्या रविवारी सकाळी पश्चिमेच्या बाजूने धोंडा चढून माथ्यावर सही करणार आहे. डॉक्टर लोपीस व बायजा भोईर यांनी मागच्या उताराने वर येऊन बसावे. डॉक्टरांनी माझी नाडी, डोके, जे काय तपासायचे ते तिथे तपासावे. यानंतर जर कोणी कोर्टात म्हणाले की ही बाई शुद्धीवर नव्हती, तर त्याने आधी तीच वाट चढून दाखवावी.

या मसुद्याची एक प्रत मी शुक्रवारी प्रितेशच्या हातात दिली आहे. त्याने ती वाचली आणि वाडीत निघून गेला.

हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र समजावे.

पुरवणी, माथ्यावर बसून हाताने लिहिलेली:

मी वर आले आहे. पायरीत पाय ठेवलेला नाही. दोन्ही साक्षीदार समोर बसले आहेत. डॉक्टरांना अजून धाप लागलेली आहे, मला नाही.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. मधल्या टप्प्यावर, जिथे मागे पडले होते तिथेच, माझा उजवा पाय सुटला आणि मी दोन्ही हातांवर लोंबकळले. अक्षदा गादी सरकवायला धावली, ते ऐकू आले. मग दुसराच आवाज आला. "आई, पड. मी आहे."

इतकी वर्षे हा मुलगा मला "पडशील" म्हणत आला. मी मान वळवून खाली पाहिले. ऑफिसचे बूट घातलेला प्रितेश बापाच्या जागी उभा होता. डोळे भीतीने गच्च मिटलेले, दोन्ही हात वर. अंगठे बाहेर काढले होते, तसे उभे राहिल्यास अंगठा मोडतो, म्हणून मी वरूनच ओरडून सांगितले. त्याने ते आत घेतले. मला रडू आले. पण रडण्याची ती जागा नव्हती, म्हणून पाय लावला आणि वर आले.

यामुळे वरील एकही कलम बदलत नाही. जमीन अक्षदाचीच. पायरीचा राग आहे तो आहे. फक्त एवढे नमूद करते की कलम ७ मधील जागेचा ताबा प्रितेश याने आज, माझ्या हयातीतच, घेतला आहे.

सही: सरला रामचंद्र राऊत

साक्षीदार १: डॉ. आग्नेल लोपीस. सरलाबाईंना मी आज तपासले. मन व बुद्धी उत्तम. नाडी माझ्यापेक्षा बरी.

साक्षीदार २: बायजा शत्रुघ्न भोईर

स्थळ: चंदनसार, विरार पूर्व, धोंड्याचा माथा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार