बारावं फडकं

३ फेब्रु., सोम.
म्हातारी, आमचं जुनं डिझेल इंजिन, एकदाची झाकण लावून बंद केली. सहा आठवडे खपलो. पिस्टन, लायनर, बेअरिंगं नवी. सांगाडा तेवढा जुना. सगळीकडे विजेची इंजिनं आलीत, डिझेलला कोण विचारतो! शुक्रवारी लोड टेस्ट. पास झाली तर इथंच सिकंदराबादच्या यार्डात डबे ढकलेल, नाहीतर भंगार. साहेब खुशीत. "तुमच्या प्रमोशनचं बघतो."

४, मंगळ.
इस्त्रीवाला कपडे देऊन गेला. हिने मोजले. "अकरा दिले होते, दहाच आलेत."
एकदम शेडमधली फडकी आठवली. इंजिनात बारा फडकी न्यायची, बारा बाहेर आली की मगच झाकण. तीस वर्षांचा नेम. काल वहीत 'बारा' लिहिलं, पण मोजली कुठे?
ही म्हणते, "एका फडक्यानं काय होतंय?" तेलाची वाट अडते. मग इंजिन आतून जळतं. जेवण गेलं नाही.

५, बुध.
मोजली. अकरा. सगळी शेड धुंडाळली. गप्प बसावं, कुणाला कळतंय, असंही दहा मिनिटं वाटलं. लिहितानाही लाज वाटते.
खलीलभाईंना सांगितलं. जुने फिटर, याच महिन्यात रिटायर. चहा बाजूला ठेवला. "अच्छा हुआ बोल दिये. खोलते ना, घबराओ नक्को."
साहेब भडकले. मेमो हातात. प्रमोशनचं नाव नाही.

६, गुरु.
तेल काढलं, झाकण खोललं. होतं! पंपाच्या जाळीला चिकटलेलं, काळंकुट्ट. खलीलभाईंनी चिमटीत धरून दाखवलं, "लो, तुमारा प्रमोशन." सगळे हसले. मीही. खरं तर रडू येत होतं.
पुन्हा बंद करताना मोठ्यानं मोजली.

७, शुक्र.
पास!! तेलाचा दाब शेवटपर्यंत हलला नाही. घरी जाताना जिलेबी.

२४, सोम.
म्हातारी रुळली. आज वीस डबे घेऊन शेडसमोरून गेली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खलीलभाई नुसते बघत राहिले. त्यांचे चारच दिवस उरलेत.
शेडमध्ये नवी थट्टा. कुणी झाकण उचललं की दुसरा ओरडतो, "बारा?" पण मोजतात सगळे.
मेमोचं उत्तर उद्या द्यायचंय. युनियनवाले म्हणतात, 'नजरचुकीने' लिहा, सुटाल. जमेना. लिहिलं: 'फडकी मोजली नव्हती. मोजली असं वहीत लिहिलं.'
हिला वाचून दाखवलं.
"आणि पुढे?"
म्हटलं, पुढे सही.