वापरात नसलेल्या बावीस विहिरी

औरंगाबाद,
१४ सप्टेंबर १९९९

प्रिय मुंजाबा,

विद्यापीठातून निवृत्त होऊन तीन महिने झाले, पण खोड काही जात नाही. औरंगपुऱ्यात भाजी घ्यायला गेले तरी कोणते चार टोमॅटो दाबून पाहिले म्हणजे सगळा ढीग कळेल, हाच विचार. भाजीवाल्या सारजाबाई वैतागतात.

तू माझ्या वर्गात होतास तेव्हाचा, पंच्याऐंशी सालचा आपला विहिरींचा अभ्यास आठवतो ना? शंभराऐवजी अठराच विहिरींचं पाणी तपासायचं आणि सगळ्या पट्ट्याचा अंदाज बांधायचा. त्या अठरा कशा निवडाव्यात, यातच माझी हयात गेली, नावही झालं. त्यावरचा निबंध तू तुझ्या कॉलेजात शिकवतोस म्हणे.

जुलैत कपाट आवरताना तेव्हाची नोंदवही निघाली. बावीस विहिरींपुढे ‘वापरात नाही’ असा शेरा, म्हणून आपण त्या निवडीतूनच वगळल्या होत्या. मला नवल वाटलं. इतक्या कोरड्या मुलखात माणसं बावीस विहिरी टाकून देतील कशाला? पाहणीच्या तारखा पाहिल्या. सगळ्या फाल्गुन-चैत्रातल्या, आणि सगळ्या विहिरी मेंढपाळांच्या वस्त्यांवरच्या. मग मला राहवेना. जीप ठरवून खुलताबादच्या पलीकडे तुमच्या वस्तीवर गेले, तर विहिरीवर बायकांची ही गर्दी!

पाणी तपासून घेतलं. फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट निघालं. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की सांधे आखडतात, आणि तुझ्या आईचे गुडघे पार धरलेत. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हे मीच तुम्हाला शिकवलं, तरी मी तो काढला. ओढ्यापलीकडच्या हातपंपाचं पाणी चांगलं आहे. आता सगळे तिथून भरतात.

रिपोर्ट सांगायला मी स्वतःच गेले होते. तुझ्या आईनं, बानाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पोरगं तवाच म्हनत व्हतं, आमची मानसं मेंढरांमागं गेलीत, विहीर चालू हाय. तुमी ऐकलं नाय.”

खरं आहे. तू सांगितलंस आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, आपल्या घरासाठी नियम वाकवायचा नसतो. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. चौदा वर्षं तुझी माणसं ते पाणी पीत राहिली. माझं चुकलं, मुंजाबा. दुरुस्तीचा लेख सोबत आहे, पहिलं नाव तुझं घातलंय. सही करावीशी वाटली तर कर. नाही केलीस तर तुझं नाव काढून लेख धाडेन, पण चूक कोणाची आणि ती आधी कोणी ओळखली, हे त्यात लिहिलेलंच राहील.

तुझीच,
द्वारका मॅडम